खंजिरी आणि पदवी

गोंदिया शहरातल्या कोणत्याही पांढरपेशा घरात जा, बैठकीच्या भिंतीवर एक चौकट हमखास दिसेल. तीत घरातला मुलगा किंवा मुलगी भाड्याचा काळा झगा आणि चौकोनी टोपी घालून शक्य तितक्या गंभीर चेहऱ्याने उभी असते, आणि शेजारच्या चौकटीत पदवीचा कागद असतो. त्या कागदावर आपण वाचतो ते मुलाचे नाव आणि त्याची श्रेणी. वर मोठ्या अक्षरांत विद्यापीठाचे नाव असते, ते वाचायचे राहून जाते. ‘राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ’ असे ते नाव आहे. १९२३ साली स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाला ते २००५ साली मिळाले. पुढे २०११ मध्ये चंद्रपूर-गडचिरोलीसाठी गोंडवाना विद्यापीठ निराळे निघाले. आम्ही गोंदिया-भंडाऱ्याची माणसे मात्र अजून नागपूरकडेच आहोत.

आता गंमत पाहा. ज्याच्या नावाने आमची मुले बी.कॉम. आणि बी.एस्सी. होतात, तो माणूस स्वतः प्राथमिक शाळेच्या फारसा पुढे गेला नव्हता. त्याच्याजवळ होती एक खंजिरी. लाकडाचे वीतभर कडे, त्यावर ताणलेले कातडे आणि कडेला खोचलेल्या झांजेच्या चकत्या. एवढ्या भांडवलावर त्याने विदर्भ आणि विदर्भाबाहेरचा बराच मुलूख गाता केला. स्वतः गाणी रचायची, स्वतः चाल बांधायची आणि स्वतःच गायची, असा त्याचा एकहाती कारभार होता. त्याला पुढे लोकांनी महाराज म्हटले, राष्ट्रसंत म्हटले, त्याचे फोटो लागले, पुतळे झाले. आमच्याकडे एखाद्याचा फोटो देव्हाऱ्याशेजारी लागला की त्याचे तरुणपण संपते. तो जन्मतःच वडीलधारा होता अशी सर्वांची समजूत होऊन बसते. त्या फोटोतल्या माणसाला मी नमस्कार करतो. पण मला कुतूहल आहे ते त्याच्या आधीच्या पोराचे, माणिकचे.

हा माणिक ३० एप्रिल १९०९ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या यावली गावी जन्मला. वडील बंडोजी, आई मंजुळाबाई. घरी दारिद्र्य. शाळेत जीव रमेना, भजनात रमे. वरखेडचे आडकोजी महाराज हे त्याचे गुरू. माणिकचा ‘तुकड्या’ त्यांनीच केला, असे सांगतात. भजने म्हणून मिळालेल्या भाकरीच्या तुकड्यांवर जगणारा तो तुकड्या, असा त्या नावाचा अर्थ लोक लावतात. मला हे नाव फार आवडते. गाणाऱ्या पोराला आजचा एखादा हुशार माणूस काहीतरी चमकदार, परदेशी वळणाचे नाव सुचवील. इथे गुरूने शिष्याची भूकच त्याच्या नावात घालून ठेवली! आणि त्या पोरानेही ते नाव खाली मान घालून स्वीकारले नाही, तर प्रत्येक भजनाच्या शेवटी ‘तुकड्यादास’ म्हणून ठणकावून सांगितले.

पुढची काही वर्षे हा पोरगा रानावनात हिंडला. रामटेक, सालबर्डी, चिमूरकडचे रामदिघीचे रान ही नावे त्याच्या चरित्रात येतात. चरित्रकार या काळाला साधना म्हणतात आणि ती होतीच. पण मला, एक सामान्य प्रापंचिक म्हणून, त्यात गाणाऱ्याची उमेदवारीही दिसते. गावोगाव जायचे, ओट्यावर किंवा पारावर बसायचे, अनोळखी माणसांसमोर गळा उघडायचा आणि ती उठून जाऊ नयेत एवढे गाण्यात काहीतरी असायला हवे. तिकीट नाही, आणि म्हणून श्रोत्याला बांधून ठेवणारे काही नाही. ज्याने तिकीट काढले आहे तो निदान पैशाखातर अर्धा तास बसतो. फुकटचा श्रोता फार कठोर असतो.

या उमेदवारीत खंजिरीचा वाटा मोठा. पेटी घेतली तर ती उचलायला माणूस लागतो, ठेवायला सतरंजी लागते. तबल्याला तबलजी लागतो आणि त्याचे रुसवेफुगवे काढावे लागतात. खंजिरी काखेत मारली की निघाले. एका हाताने धरायची, दुसऱ्याने वाजवायची, चालताचालता वाजते, उभ्याउभ्या वाजते, आणि बैलगाडीच्या चाकाच्या खडखडाटातही ऐकू येते. माझ्या मते महाराजांच्या भजनांची लय अर्धी त्या वाद्याने ठरवली. तिच्यावर लांबण लावता येत नाही. ओळ आखूड हवी, आघात ठसठशीत हवा, आणि धृपद असे हवे की दुसऱ्या खेपेला समोरच्या शेतकऱ्याच्या तोंडून ते आपोआप निघावे. संगीतातले जाणकार या चालींना साध्या म्हणून नाके मुरडत असतील. पण साधी चाल बांधणे किती अवघड हे ज्याने कधी बांधून पाहिले त्यालाच ठाऊक.

आणि तो दोन भाषांत लिही. मराठीत लिही, हिंदीत लिही. ‘लहर की बरखा’ हा त्याचा हिंदी भजनांचा संग्रह प्रसिद्ध आहे. पुण्या-मुंबईच्या वाचकाला यात विशेष काही वाटणार नाही, पण गोंदियाच्या माणसाला वाटते. आमच्या शहराच्या एका अंगाला मध्य प्रदेशातला बालाघाट, दुसऱ्या अंगाला छत्तीसगड. बाजारात हिंदी, घरात मराठी किंवा पोवारी, शेतात झाडीबोली, आणि देवरी-सालेकशाकडच्या रानात गोंडी. इथे एका भाषेत गाणारा माणूस अर्ध्याच गावाला ऐकू येतो.

१९३५ साली, म्हणजे वयाच्या सव्विसाव्या वर्षी, त्याने सालबर्डीला महायज्ञ केला तेव्हा तिथे लाखोंनी माणसे जमली असे सांगतात. त्याच सुमारास नागपूर-अमरावती रस्त्यावर मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा राहिला. पुढल्या वर्षी, १९३६ मध्ये, गांधीजींकडे सेवाग्रामला त्याचा सुमारे महिनाभर मुक्काम झाला. १९४२ च्या ऑगस्टमध्ये चिमूर पेटले, आणि त्याच महिन्यात सरकारने या भजनवाल्याला चंद्रपुरात अटक करून आधी नागपूरच्या आणि मग रायपूरच्या तुरुंगात ठेवले. खंजिरीवर बंदी घालता येत नव्हती, म्हणून ती वाजवणारा आत ठेवला. त्यानंतरचा सारा प्रवास लोकांना ठाऊक आहे: गुरुदेव सेवा मंडळ, १९५५ सालचे जपान, एकेचाळीस अध्यायांची आणि ४,६७५ ओव्यांची ‘ग्रामगीता’, १९६२ आणि १९६५ च्या युद्धांत जवानांसमोर म्हटलेली गीते, आणि ११ ऑक्टोबर १९६८ रोजी मोझरीला झालेला शेवट. पण माझ्या गोष्टीतला पोरगा १९३५-३६ लाच वर पोचलेला आहे. त्यापुढे तो संस्था झाला, आणि संस्थेची कथा सांगायला संस्थेचे लोक समर्थ आहेत.

माझा प्रश्न एवढाच, की तो वर पोचला कसा? तेव्हा नागपूरला आकाशवाणी नव्हती. ती १९४८ ची. खेड्यात फोनोग्राफ म्हणजे पाटलाच्या वाड्यातली चीज. मग यावलीच्या पोराचे गाणे भंडारा जिल्ह्याच्या टोकापर्यंत, म्हणजे आज जो गोंदिया जिल्हा आहे तिथपर्यंत, आले कोणाच्या पायांनी?

याचे उत्तर मला माझ्या आत्याने दिले. आत्या आज नव्वदीच्या पुढे आहे. ऐकू कमी येते, पण आठवते सगळे, आणि नको ते अधिक. लग्न होऊन ती अर्जुनी-मोरगावकडच्या एका खेड्यात गेली, त्याच्या आधी कधीतरी मुलगी असताना तिने महाराजांचे भजन ऐकले होते. मी तिला विचारले, “आवाज कसा होता गं?” ती म्हणाली, “कोनाले माहीत बावा. आमी बायका पार मागं बसलो होतो. गॅसबत्ती दिसे, थे दिसत नोते.” मी निराश झालो. मग थोड्या वेळाने, सुपारी कातरता कातरता, ती आपणहून म्हणाली, “थे गायले, पन आमीच जास्त गायलो. घरी येऊन धान कांडतानी गायलो. मंग सासरी गेली त तिथल्या बायकाईले शिकोलो.”

हे ऐकले आणि मला सगळी वाहतूक उलगडली. गाणे त्या काळी ऐकले जात नसे, घेऊन जाण्यात येई. माहेरून सासरी जाताना पोरी ते पितळी भांड्यांबरोबर नेत. गावोगावच्या भजनी मंडळांनी ते वहीत उतरवून घेतले, वहीवरून दुसऱ्या गावाने उतरवले. गावोगावी सेवा मंडळे झाली, सायंप्रार्थना सुरू झाली, आणि जिथे महाराज जन्मात कधी गेले नसतील तिथे त्यांची भजने रोज दिवेलागणीला होऊ लागली. लाखाच्या सभेत गाणारे पुष्कळ होऊन गेले. परंतु सभा उठल्यावर, गाणारा पुढच्या गावी गेल्यावर, मागे राहिलेल्या माणसांनी आपल्या बेसूर गळ्याने ते गाणे चालू ठेवले, हे फार थोड्यांच्या बाबतीत घडले. आमच्या वामनदादा कर्डकांच्या बाबतीत ते घडले. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा, मुंबईच्या गिरणगावात मोठेपणी अक्षरे शिकलेला तो माणूस. त्याची गाणी दरवर्षी १४ एप्रिलला गोंदियाच्या वस्त्यावस्त्यांतून वाजतात आणि गाणाऱ्या मुलांना कवीचे गावही ठाऊक नसते.

एवढे पुराण मी उगाच लावलेले नाही. आमच्या घरातच एक गाणारा निपजला आहे.

तो माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा. त्याचे नाव इथे छापले तर तो खूश होईल आणि भाऊजी नाराज होतील, म्हणून छापत नाही. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. भाऊजी एका राईस मिलमध्ये हिशेब पाहतात. गोंदिया म्हणजे तांदळाचे गाव. इथे दुसऱ्याच्या पोत्यांचा हिशेब ठेवताठेवता आयुष्य काढलेली माणसे खूप आहेत, आणि आपल्या मुलाने तरी पोत्यांच्या धुळीत बसू नये असे त्या सर्वांना वाटते. मुलगा मात्र एक जुनी गिटार घेऊन गच्चीवर बसतो आणि झाडीबोलीत गाणी रचतो. धानाच्या बांधावरची, बोडीतल्या मासोळ्यांची, तेंदूपत्त्याच्या हंगामाची. ती मोबाइलवर चित्रित करून जगासमोर ठेवतो. जग म्हणजे किती माणसे, हा आकडा तो रोज सकाळी दात घासण्यापूर्वी पाहतो.

घरात प्रमाण भाषा बोलणाऱ्या मुलाने गाण्यासाठी आजीची बोली उचलावी याचे मला प्रथम नवल वाटले. त्याला विचारले तर त्याने मला थेट मेक्सिकोला नेले. “मामा, तिकडं काय झालं माहीत आहे का तुम्हाला?” असे म्हणून त्याने जे सांगितले ते मी इतरत्र पडताळून पाहिले, आणि ते खरे आहे. मेक्सिकोच्या निरनिराळ्या प्रांतांत जी लोकगीते आहेत, त्यांना अमेरिकेतल्या संगीताच्या व्यापाऱ्यांनी ‘रीजनल मेक्सिकन’ असे एकच लेबल लावले आहे. त्यात ‘कोरीदो’ नावाचा एक प्रकार असतो. घडलेली घटना, शूराची गाथा, क्वचित चोराचीही. म्हणजे आपला पोवाडाच म्हणा ना. १९१० च्या मेक्सिकन क्रांतीत हे कोरीदो जोरात होते. शहरी, शिकलेल्या लोकांना वर्षानुवर्षे ते संगीत खेडवळ वाटे. आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये असे झाले, की या जातीचे एक गाणे, ‘एया बायला सोला’, अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पहिल्या दहांत जाऊन बसले. या संगीताच्या बाबतीत तसे पूर्वी कधी झाले नव्हते. गाणे रचणारा पेद्रो तोवार कॅलिफोर्नियातल्या एका लहान गावचा, विशीतला पोरगा; बरोबर गाणारा पेसो प्लुमा ग्वादालाहाराकडचा, तोही पंचविशीच्या आत. गाणे संपूर्ण स्पॅनिश, आणि वाद्ये घरगुती जत्रेतली. पुढच्या वर्षी पेसो प्लुमाला ग्रॅमी मिळाले.

“त्यांनी काही बदललं नाही, मामा,” भाचा म्हणाला, “आपल्याच बोलीत गायले.”

मी ते गाणे ऐकले. शब्द एकही कळला नाही. पण त्यातले ट्रॉम्बोन ऐकून मला आमच्या लग्नाच्या वरातीतल्या बँडची आठवण झाली आणि बरे वाटले. कोरीदोच्या काही नव्या प्रकारांत अफूगांजाच्या तस्करांचे गुणगान असते आणि त्यावरून तिकडे वादही होतात, हे मी भाच्याला सांगितले. ज्याच्या पैशावर शाहीर जेवतो त्याचा पोवाडा शाहिराला गावा लागतो, ही अडचण मेक्सिकोतही आहे आणि आपल्याकडेही होती. दारू सोडा म्हणून दारूच्या गुत्त्यासमोर गाणारा तुकड्या त्या मानाने मोकळा होता. त्याला तुकड्यापलीकडे काही नकोच होते.

गेल्या कोजागिरीला बहिणीच्या घरी गच्चीवर दूध आटवायला ठेवले होते आणि त्याच वेळी बातमी फुटली. वडशाच्या एका नाटक कंपनीने भाच्याला हंगामासाठी गायक म्हणून बोलावले होते.

वडसा हे काय प्रकरण आहे, ते बाहेरच्या वाचकांना सांगायला हवे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांच्या रानटापूला झाडीपट्टी म्हणतात. भाऊबीजेपासून इथल्या गावागावांत मंडई भरते. मंडई म्हणजे जत्रा: दिवसा दुकाने, पाळणे, दंडार, खडी गंमत, आणि रात्री नाटक. नाटक रात्री उशिरा सुरू होते आणि कोंबडे आरवल्यावर संपते. मुंबईत नाटकाला माणसे येत नाहीत म्हणून परिसंवाद भरतात. आमच्याकडे कडाक्याच्या थंडीत, घोंगड्या पांघरून, हजारो माणसे तिकीट काढून रात्रभर बसतात. या साऱ्याची पेठ म्हणजे गडचिरोली जिल्ह्यातले वडसा, ऊर्फ देसाईगंज. तिथे कंपन्यांच्या कचेऱ्या ओळीने आहेत. याच रंगभूमीवर उभे आयुष्य घालवलेले परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा कुठे दिल्लीला झाडीपट्टीचे नाव ऐकू गेले.

तर भाच्याला तिथून बोलावणे आले, आणि विद्यापीठाची हिवाळी परीक्षा नेमकी हंगामात! भाऊजी काही बोलले नाहीत. ते दूध ढवळत राहिले. बहीण बोलली. “पदवी होऊ दे, मग काय गायचं ते गा.” भाचा म्हणाला, “तोवर कंपनी दुसरा गायक घेईल.” बहीण म्हणाली, “घेऊ दे.” मग ती माझ्याकडे वळली. “दादा, तू सांग त्याला.”

घरातल्या अशा बैठकीत मामाला बोलावण्याचे कारण, तो आईच्या बाजूने बोलतो आणि भाच्याला तो बापासारखा परका वाटत नाही. ही जागा मोठी अवघड आहे. मी एवढेच म्हणालो, की परीक्षेच्या तारखा आणि कंपनीच्या तारखा एका कागदावर शेजारीशेजारी मांडून पाहू. भाऊजींनी तेव्हा प्रथमच मान वर केली. कागदावर मांडण्याची भाषा त्यांना कळते. मांडल्यावर दिसले, की दोन पेपर आणि चार प्रयोग यांची टक्कर होते, बाकीचे निभावते. कंपनीच्या माणसाशी बोलणे झाले. तो म्हणाला, चार रात्री दुसरा गाईल, पण त्या रात्रींचे पैसे नाहीत. भाऊजी म्हणाले, “बरोबर आहे.” त्यांच्या तोंडून कंपनीविषयी निघालेला हा पहिला चांगला शब्द. परीक्षा पुढे झाली, निकालही लागला. एका विषयाचे भिजत घोंगडे अजून आहे. पण ते सारे हिवाळ्यातले. त्याआधी पंचमी आली.

महाराजांची पुण्यतिथी आश्विन वद्य पंचमीची, कोजागिरीनंतर पाचव्या दिवशी. मोझरीला त्या दिवशी दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी लाखो माणसे स्तब्ध उभी राहतात. आत्याच्या सासरगावी सेवा मंडळाचे आठपंधरा लोक जमतात, तेही तसेच उभे राहतात. आत्याला घेऊन मी आणि भाचा गेलो होतो. स्तब्धता संपली आणि भजन सुरू झाले. खंजिरी वाजवणारा गृहस्थ सत्तरीचा, गावचा सुतार. आवाज फुटलेला. पण धृपद आले आणि ओट्यावरच्या बायका, दारातली पोरे, सायकल टेकवून उभा असलेला एक दूधवाला, सगळे म्हणू लागले. कोणी कोणाकडे पाहत नव्हते. भाच्याने मोबाइल काढला, थोडा वेळ चित्रण केले, मग खिशात ठेवला आणि टाळी धरली. परतताना त्याने मला विचारले, “मामा, हे लोक कॉपीराइट…” आणि आपणच हसला.

भाऊबीजेनंतर चौथ्या दिवशी भाऊजींच्या मूळ गावची मंडई होती. आम्ही सगळे एका जीपमध्ये बसून गेलो. भाच्याची कंपनी दुसऱ्या गावी होती, त्या दिवशी त्याला सुटी. दुपारी पटांगणात दंडार चालली होती. ढोलकी, टाळ, पायांत घुंगरू बांधलेले पोरगे, आणि भोवती दाटलेले गाव. मी फुटाणे खात उभा होतो, आणि एकदम भाच्याने माझा दंड घट्ट पकडला. दंडारीवाले त्याचे गाणे म्हणत होते.

गाणे त्याचेच होते. धान कापायला निघालेल्या मुलीचे, ज्यावर तो सकाळसकाळी आकडे मोजत असे तेच. चाल थोडी उडती केली होती आणि दोन कडव्यांच्या मध्ये एक चावट संवाद घुसडला होता, ज्यावर बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. धृपद मात्र शब्दाला शब्द त्याचे, आणि ते सारे पटांगण म्हणत होते. भाच्याचा चेहरा एकदा उजळला आणि लगेच पडला. त्याने शेजारच्या म्हाताऱ्याला विचारले, “हा गाना कोनाचा हाये, बाबाजी?” म्हातारा म्हणाला, “कोनाचा म्हंजे? आमच्या इकडचाच हाये. जुनाच आहे.”

जुनाच! पोराने सहा महिन्यांपूर्वी गच्चीवर रचलेले गाणे!

रात्री नाटक न पाहताच परतलो, कारण आत्याला थंडी बाधते. जीपमध्ये भाचा फुरंगटून बसला होता. “माझं नाव कोणालाच माहीत नाही,” असे तो दोनदा म्हणाला. त्याचे म्हणणे चूक नव्हते. गाणे ज्याचे, नावही त्याचे व्हायला हवे, आणि पैसाही. मी त्याला म्हणालो, की म्हणूनच जुनी माणसे शेवटच्या कडव्यात स्वतःचे नाव ओवून टाकीत. नाव वेगळे लावले की ते वाटेत गळून पडते. चालीतच शिवले की कोणाला काढता येत नाही. ‘तुकड्यादास’ काढून पाहा, कडवे लंगडे होते. शंभर हात फिरले तरी ती सही टिकली. भाचा काही बोलला नाही. आत्या डुलकी घेत होती. बहीण म्हणाली, “तू पण घाल नाव,” आणि ती असे म्हणाली याचे मला बरेच नवल वाटले.

भाऊजी पुढे ड्रायव्हरशेजारी बसले होते. बराच वेळ ते बाहेरच्या काळोखातल्या धानाच्या बांध्या पाहत होते. मग मागे न वळताच म्हणाले,

“नावाचं नंतर बघ. तुझ्या गाण्यात ती पोरगी दिवाळीत चिन्नोर कापते.”

“हो.”

“चिन्नोर भारी धान आहे. दिवाळीत तो हिरवा असतो. त्या दंडारीवाल्यांनी तो शब्द काढला, ऐकलं का तू? ‘हलका धान’ म्हणत होते.”

भाच्याने ऐकले नव्हते. मीही नाही. गाडी एका बोडीच्या पाळीवरून वळली आणि पाण्यावर चंद्र दिसून गेला.

“मग काय घालू, बाबा?” भाच्याने थोड्या वेळाने विचारले.

भाऊजींनी दिवाळीला कापणीस येणाऱ्या वाणांची नावे घेतली. मिलमध्ये तीसपस्तीस वर्षे काढलेला माणूस. पोत्यात हात घालून तो वाण सांगतो. त्यातले ‘एक हजार दहा’ हे या भागात सर्रास लागते. भाच्याने ते चालीवर म्हणून पाहिले. बसेना. पुन्हा म्हणून पाहिले. ड्रायव्हर हसू लागला. भाऊजींनी गुडघ्यावर बोटांनी मात्रा मोजल्या, एकदा, दोनदा, अगदी बेरीज तपासावी तशा.

“‘एक’ गाळ,” ते म्हणाले. “नुसतं ‘हजार दहा’ म्हण.”